काडीपासून दोऱ्यापर्यंत: अरामी कागद सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एलिफंटाइन बेट, मृत समुद्राकाठचं कुमरान आणि यहुदी वाळवंटातल्या गुहा इथे सापडलेले अरामी कागद ज्यांच्या ताब्यात आहेत ती संग्रहालये व ग्रंथालये, आणि त्या कागदांचे संपादक, यांस

सादर शालोम.

माझ्या आईचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आमच्या ठाण्याच्या घरी पितळी डब्यात गुंडाळून ठेवलेला असे. त्याच डब्यात रेशनकार्ड, वडिलांच्या नोकरीचे कागद आणि अलिबागेकडच्या जमिनीचा सातबारा. लग्नात हजाननं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यानं, तो केतुबा सूर लावून वाचला होता, सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं, आणि मांडवातल्या एकालाही त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी; शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. घरात बोलायचं मराठी, प्रार्थना हिब्रू. केतुबाही हिब्रूच असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तो अरामी भाषेत, म्हणजे हिब्रूच्या एका जुन्या बहीणभाषेत, आहे हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. लिपी तीच चौकोनी, भाषा वेगळी. मोडी आणि देवनागरीच्या नेमकं उलट.

मग लक्षात आलं की वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर (इजिप्त) देशातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची पोथी, हगादा, तिच्यात ती गोष्ट सुरू होताना येतं ते 'हा लहमा अन्या'सुद्धा अरामीच. 'ही बघा दैन्याची भाकर, आमच्या वाडवडिलांनी मिसर देशात खाल्लेली.' हे वाक्य आमच्या लोकांना मराठीत कळावं म्हणून मुंबईत १८४६ साली शिळाप्रेसवर मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगादेत तर चित्रंही आहेत, आणि त्या चित्रांतल्या बायका साडी नेसून बेखमीर भाकरी करताहेत. माझ्या आजीला मिसर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण भाकर कशी करायची ते ठाऊक होतं.

सेवानिवृत्तीनंतर मी अरामी शिकायला बसलो. विद्वान झालो नाही, होणारही नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन एक ओळ सोडवायला मला अख्खी दुपार लागते. पण तुम्ही छापलेलं जेवढं हाती लागलं तेवढं वाचलं, आणि त्यातून जे मनात साठलं आहे ते तुम्हालाच लिहिणं बरं.

नाईल नदीत आस्वानसमोर एलिफंटाइन हे बेट आहे. इसवीसनापूर्वीच्या पाचव्या शतकात तिथे इराणी बादशहाच्या चाकरीत यहुदी शिपायांची पलटण होती. त्यांचं तिथे याहोचं, म्हणजे आपल्या देवाचं, मंदिर होतं. कागदपत्रं सगळी अरामीत, कारण त्या इराणी, म्हणजे हखामनी, साम्राज्याच्या कचेऱ्यांची भाषा तीच. (ती भाषा आपल्या वायव्येच्या दारापर्यंतही पोहोचली होती. कंदाहारला १९५८ साली सापडलेल्या अशोकाच्या लेखात वर ग्रीक आहे आणि खाली अरामी.)

त्या बेटावर इ.स.पू. ४४९ मध्ये अनन्या बेन अजऱ्या नावाचा मंदिराचा सेवक मशुल्लाम नावाच्या माणसाकडे गेला आणि त्याच्या मिसरी दासीला, ताप्मुतला, बायको म्हणून मागितलं. करार झाला. नवरी दासी, मालक तिसराच, आणि नवरा देवळातला. ताप्मुतनं बरोबर आणलं त्याची यादी करारात आहे: एक लोकरी वस्त्र, एक आरसा, वहाणांचा जोड, थोडं तेल आणि अशाच दोनचार वस्तू. सगळं मिळून जेमतेम सात शेकेलचं (शेकेल म्हणजे चांदीचं एक वजन). दोघांपैकी कुणीही उद्या-परवा सभेत उभं राहून 'मला हा नको' किंवा 'मला ही नको' असं म्हणू शकतं, आणि म्हणेल त्यानं त्याचे पैसे भरायचे. हा हक्क बाईलाही आहे. आणि ती घराबाहेर पडेल तेव्हा तिनं आणलेलं सगळं 'मिन हम अद हूत' घेऊन जाईल, असं लिहिलं आहे.

मिन हम अद हूत. काडीपासून दोऱ्यापर्यंत.

ही ओळ सोडवली त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही. ज्या भाषेत घटस्फोटाला काडीमोड म्हणतात ती भाषा बोलत मी मोठा झालो. या दोन काड्यांचा एकमेकींशी काही नातं-संबंध नाही, हे मला कळतं. भाषाशास्त्र शिकवायला धावू नका. पण मोडलेल्या संसाराचा हिशेब करताना नाईलकाठच्या कारकुनाच्या आणि कोकणातल्या म्हातारीच्या तोंडी काडीच यावी, हे तुमच्या तीन ओळींच्या टीपेत मावणारं नाही.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, मी माझ्या लोकांसाठी सांगतो. अनन्यानं इ.स.पू. ४३७ मध्ये देवळाजवळ एक घर विकत घेतलं आणि पुढे त्यातला वाटा ताप्मुतच्या नावे केला. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, इ.स.पू. ४२७ मध्ये, मशुल्लामनं तिला आणि तिच्या मुलीला दास्यातून मोकळं केलं. कागदावरचे शब्द आहेत: 'सावलीतून उन्हात सोडली.' आम्ही उन्हातली माणसं, आम्हाला सावली हवीशी वाटते. या बेटावर सावली म्हणजे दुसऱ्याच्या छपराची. मुलीचं नाव यहोयिश्मा. तिचं लग्न इ.स.पू. ४२० मध्ये झालं तेव्हा तिच्या करारातली बेरीज आहे अठ्ठ्याहत्तर शेकेलच्या घरात. आईची सात, लेकीची अठ्ठ्याहत्तर. एका घराचा तीस वर्षांचा वर चढत गेलेला जिना दोन याद्यांत उभा आहे, आणि कुणी गोष्ट म्हणून तो लिहिलेला नाही.

आता तक्रारीकडे येतो.

या घराण्याचे कागद चार्ल्स एडविन विल्बर या अमेरिकन माणसानं १८९३ साली त्या बेटावर स्थानिक बायकांकडून विकत घेतले. १८९६ साली तो पॅरिसमध्ये वारला. कागद त्याच्या पेटीत राहिले. पेटी अमेरिकेला गेली आणि तशीच पडून राहिली. १९४७ साली त्याची मुलगी वारली, तिच्या इच्छापत्रानं ते ब्रुकलिनच्या संग्रहालयात आले आणि एमिल क्रेलिंग यांनी १९५३ साली छापले. साठ वर्षं. काही गुंडाळ्यांवरची मूळ दोरी आणि मातीची मोहोर तोवर तशीच होती. चोवीस शतकांपूर्वी कारकुनानं बांधलेली गाठ शाबूत, आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. हा दोष विल्बरचा म्हणावा तर तो बिचारा मेला होता. पण पेटी कुलूपबंद असली की कागद सुरक्षित आहेत, असं मानण्याची सवय आपणा सगळ्यांनाच आहे. आमच्या पितळी डब्यालाही होती.

सवय मोडता येते, हेही तुमच्याच लोकांनी दाखवलं आहे. ऑटो रूबेनसोन आणि त्यांच्यामागून फ्रीडरिख झुकर यांनी त्याच बेटावर १९०६ ते १९०८ या काळात उत्खनन केलं आणि एडुआर्ड साखाऊ यांनी तिथले कागद १९११ साली छायाचित्रांसह छापले. विजेचे दिवे घरोघरी नव्हते तेव्हाची ही तीन वर्षं.

मग मृत समुद्राकडे काय झालं? कुमरानच्या गुहांतल्या नऊशेच्या वर हस्तलिखितांत अरामी साधारण एकशेवीस. त्यांतले हनोखच्या ग्रंथाचे (हा एक जुना यहुदी धर्मग्रंथ) तुकडे १९५२ साली चौथ्या गुहेत मिळाले. हा ग्रंथ तोवर संपूर्ण असा फक्त इथिओपियाच्या ख्रिस्ती लोकांनी गीझ भाषेत जपला होता. मूळ अरामी पहिल्यांदाच हाती लागलं होतं. ते तुकडे छापणारं युझेफ मिलिक यांचं पुस्तक आलं १९७६ साली. तोबीतच्या गोष्टीचे अरामी तुकडे त्याच गुहेतले. ते १९९५ साली छापले गेले. अरामी तुकड्यांचा एक खंड २००१ साली आणि दुसरा २००९ साली. काम किती किचकट आहे ते मला थोडंफार कळतं. हजारो चिंध्या, काळं पडलेलं कातडं, मोजकी माणसं, मध्ये एक युद्ध. मिलिकसारखी नजर शतकात एखाद्याला मिळते. पण तुकड्यांची वाटणी होऊन 'हे माझे, ते तुझे' झाल्यावर बाकीच्यांनी त्यांकडे पाहूही नये, ही रीत किचकटपणातून आलेली नव्हती. ती मोडली १९९१ साली, अमेरिकेतल्या हंटिंग्टन ग्रंथालयानं आपल्याकडची छायाचित्रं सर्वांना खुली केली तेव्हा. त्यानंतर खंड कसे भराभर निघाले ते तुम्हीच मोजा.

मला सर्वांत लागलं ते बाबथाचं. मृत समुद्राच्या दक्षिणेला खजुराच्या बागा असलेली ही बाई, दोनदा विधवा झालेली. पोरक्या मुलाच्या पोटगीसाठी तिनं त्याच्यासाठी नेमलेल्या पालकांवर दावा लावला. महिन्याला दोन दिनार पुरत नाहीत असं तिचं म्हणणं. रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडात (इ.स. १३२ ते १३५) पळताना तिनं आपले सगळे कागद एका चामडी बटव्यात बांधून नेले आणि नहाल हेवरच्या गुहेत एका फटीत लपवले. १९६१ साली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या पथकाला ते मिळाले: पस्तीस कागद. सव्वीस ग्रीक, सहा नबातियन (शेजारच्या राज्यातली अरामीच), तीन यहुदी अरामी. त्या तिघांत तिचा केतुबा. ग्रीक कागदांचा खंड निघाला १९८९ साली. अरामी आणि नबातियन कागदांचा निघाला २००२ साली.

ग्रीक आधी का? ग्रीक वाचणारे जास्त आणि रोमन कायद्याच्या अभ्यासकांना ते हवे होते, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. पण बाबथाच्या बाजूनं बघा. कोर्टाचे कागद ग्रीकमध्ये, कारण कोर्ट रोमन सुभेदाराचं. लग्न मात्र तिनं आपल्या भाषेत केलं. नवऱ्यानं त्यात लिहून दिलं आहे की तुला कुणी पकडून नेलं तर मी सोडवून आणीन, तुझ्या मुलींची लग्नं होईपर्यंत त्या माझ्या घरी खातील, मी मेलो तर तू माझ्या घरात राहशील. कराराला आधार 'मोशेच्या आणि यहुद्यांच्या नियमाप्रमाणे'. माझ्या आईच्या केतुब्यात 'मोशेच्या आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे' असं आहे. अठराशे वर्षांत एक शब्द हलला. आणि नेमका हाच कागद एक्केचाळीस वर्षं खंडाबाहेर राहिला.

याच्या मागे एक खोड आहे, ती स्पष्ट सांगतो. अरामी कागद हाती आला की तुमच्यातले पुष्कळ जण पहिल्यांदा विचारतात, हा बायबलवर काय उजेड पाडतो? दानियेलच्या अरामीशी व्याकरण जुळतं का? येशू जे बोलला ते असंच होतं का? प्रश्न रास्त आहेत, त्यांत मलाही रस आहे. पण त्या नादात कागद मेणबत्ती होतो. उजेड दुसरीकडे पाडायचा आणि स्वतः वितळायचं. एलिफंटाइनला आलेलं हनन्या नावाच्या यहुद्याचं इ.स.पू. ४१९ चं पत्र घ्या. त्यानं त्या पलटणीला लिहिलं आहे की निसान महिन्यात पंधरापासून एकवीसपर्यंत शुद्ध राहा, खमीर ठेवू नका. पत्र अर्धं फाटलं आहे, आणि जे उरलं आहे त्यात 'पेसाह', म्हणजे वल्हांडण, हा शब्दच नाही. तो शब्द फाटलेल्या जागी होता की नव्हता यावर शंभर वर्षं शाई सांडली आहे. मला त्यात दिसतं ते हे की मिसर देशातच राहून, मिसरी शेजाऱ्यांच्या मधोमध, ही माणसं खमीर काढून टाकत होती, आणि त्यांना ते कसं करायचं हे अरामीत लिहून कळवावं लागत होतं. अगदी आम्हाला मराठीत कळवावं लागलं तसंच.

माझी मागणी छोटी आहे, आणि तिला एक निमित्त घडलं. काही वर्षांपूर्वी आमच्या समाजाच्या एका स्मरणिकेत मी एका अरामी करारनाम्याचं मराठी भाषांतर द्यायचं ठरवलं. शेजारी त्याचं छायाचित्र असावं म्हणून एका संस्थेला पत्र लिहिलं. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथल्या बाई सौजन्यानं बोलल्या. अर्ज आला. प्रती किती, कोणत्या देशात विकणार, पान पूर्ण की अर्धं, किती वर्षांसाठी. शेवटी शुल्क. ते शुल्क आमच्या स्मरणिकेच्या छपाईच्या बिलापेक्षा जास्त होतं. आम्ही साडेतीनशे प्रती काढणार होतो आणि त्या फुकट वाटणार होतो. छायाचित्राच्या जागी आम्ही माटुंग्याच्या एका फरसाणवाल्याची जाहिरात टाकली.

एकीकडे कागद उघडे होत आहेत, हे नाकारत नाही. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांची छायाचित्रं २०१२ पासून संकेतस्थळावर पाहता येतात. ब्रुकलिननं आपले पपायरस ऑनलाइन ठेवले आहेत. ताप्मुतचा करार मी माझ्या फोनवर बोटांनी मोठा करून पाहिला, तेव्हा हात थरथरत होता. बर्लिनमध्ये तर घडी न उघडता क्ष-किरणांनी आतली शाई शोधायचे प्रयोग झाले आहेत. पण पाहू देणं वेगळं आणि वापरू देणं वेगळं. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हक्क संपला, फोटो काढणाऱ्याचा संपत नाही, हा कोणता न्याय? आणि छायाचित्र दिसलं तरी त्यावरचं वाचन, म्हणजे कोणतं अक्षर नक्की, कोणतं अंदाजानं भरलेलं, हे ज्या जाडजूड खंडांत आहे ते विकत घ्यायचे तर माझं महिन्याचं निवृत्तिवेतन जाईल. पोर्टेन आणि यार्देनी यांनी १९८६ ते १९९९ या काळात मिसरमधल्या अरामी कागदांचे जे चार खंड काढले ते मी ग्रंथालयात बसून पाहिले. यार्देनींनी हातानं काढलेली अक्षरं पाहिली की कळतं, नकल करणं हीसुद्धा एक प्रकारची प्रार्थना आहे. असं काम कपाटात कोंडून ठेवू नका.

तेव्हा ज्या कागदांचं संपादन होऊन गेलं आहे त्यांची छायाचित्रं, लिप्यंतर आणि भाषांतर बिनव्यापारी छपाईला मोकळं करा. परवानगी मागायला लावू नका. नाव छापण्याची अट घाला, ती आम्ही आनंदानं पाळू. आणि जे अजून छापलेलं नाही त्याची निदान यादी लावा: काय आहे, किती तुकडे, कुणाकडे, कुठून आलं. कुठून आलं हे विशेष करून. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राचे सोळाच्या सोळा तुकडे २०२० साली बनावट ठरले. बाजारात जो तुकडा 'एका जुन्या संग्रहातून' म्हणून येतो त्यावर लिहिलेली भाषा कोणतीही असो, तो कुठून आला हे आधी विचारा. विल्बरनं निदान आपल्या टिपणात लिहून ठेवलं होतं की बायकांकडून घेतले.

असं पत्र लिहिणारा मी पहिला नव्हे. इ.स.पू. ४१० मध्ये खनूम या मिसरी देवाच्या पुजाऱ्यांनी विद्रंग नावाच्या अधिकाऱ्याला हाताशी धरून एलिफंटाइनवरचं याहोचं मंदिर पाडलं. समाजाचा म्होरक्या येदन्या यानं यरुशलेमच्या महायाजकाला लिहिलं. उत्तर आलं नाही. मग इ.स.पू. ४०७ मध्ये त्यानं यहुदाचा सुभेदार बागोही याला लिहिलं की आम्ही गोणपाट नेसून उपास करतो आहोत, आमच्या बायका विधवांसारख्या झाल्या आहेत, तेल लावत नाही, दारू पीत नाही. त्या अर्जाच्या दोन प्रती बेटावर मिळाल्या. पाठवलेली तिसरी कुठे गेली कुणास ठाऊक. मसुद्यात दुरुस्त्या आहेत. माणूस वरिष्ठाला लिहिताना शब्द दोनदा फिरवतो, तेव्हाही फिरवत होता. या वेळी निरोप आला: देऊळ पूर्वी होतं तसं बांधा, अन्नार्पण आणि धूप चालू द्या. पशूंच्या होमाबद्दल त्यात अवाक्षर नाही. मागितलं त्यातलं निम्मं मिळालं, पण उत्तर आलं, आणि कुणीतरी ते जपून ठेवलं.

माझ्याकडे ताप्मुतच्या कराराचं मराठी भाषांतर तयार आहे आणि मिव्ताह्याच्या लग्नाच्या कराराचं निम्मं झालं आहे. हीसुद्धा त्याच बेटावरची; नवरा एशोर, राजाच्या बांधकामावरचा मिसरी गवंडी. तिच्या आहेराच्या यादीत काशाचा आरसा आहे, दोन पेले आहेत, लव्हाळ्याचा पलंग आहे, खजुरीच्या झावळ्यांची नवी पेटी आहे. तिथेच एक वस्तू आहे 'पक ज़ी सलक'. 'पक' म्हणजे तबक असावं, असं तुम्ही लिहिता. 'सलक' हा शब्द बहुतेक जण तसाच सोडून देतात. मीही सोडला आहे आणि मराठीत पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. तुमच्यापैकी कुणाला त्यावर नवं काही सापडलं असेल तर कळवावं, म्हणजे वही छापायला देण्याआधी ते चिन्ह काढता येईल.

आपला,
ठाण्याचा एक बेने इस्राएल वाचक